टाळू, ग्रहण आणि मुरबाडचे मामा

शहापूर-मुरबाडकडे लोक माहुलीचा गड चढायला जातात, नाहीतर माळशेजच्या धबधब्याखाली उभं राहून फोटो काढायला. मी गेलो होतो थुंकी गोळा करायला. परत आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मी म्हणालो, "बरीच तोंडं. आतून." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडून दिलं, म्हणून आता लिहून काढतो आहे.

मी डॉक्टर आहे, पण औषध देणारा नव्हे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या पोटातल्या पिल्लांची टाळू कशी जुळते, ते पाहण्यात माझी हयात गेली. टाळू म्हणजे डोक्यावरची नव्हे, तोंडातलं छत. हे छत आईच्या पोटात बांधलं जातं. आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना दोन पडदे खाली लोंबत असतात. मग जीभ खाली बसते, पडदे उचलले जातात, आडवे होतात, एकमेकांकडे सरकत मधोमध भेटतात आणि एक होतात. माणसात हे सगळं तिसरा महिना सरेपर्यंत उरकतं. त्यावर नजर ठेवणाऱ्यांत एक जनुक आहे. त्याचं काम लग्नं जमवणाऱ्या खमक्या मावशीसारखं. वेळ येईपर्यंत पडद्यांना जिभेला किंवा आणखी कशाला चिकटू द्यायचं नाही, आणि मुहूर्ताला आपण मधून बाजूला व्हायचं. मावशीच बिघडली तर छताला फट राहते. बाळाचं दूध नाकातून येतं आणि मोठेपणी शब्दही त्याच वाटेनं येतात.

हे मी अधिकारानं सांगतो, कारण माझी स्वतःची टाळू सातव्या वर्षी शिवलेली आहे. टाके उत्तम बसले, बोलणं मात्र नाकातच राहिलं. फोनवर लोक विचारतात, "सर्दी झालीय का?" मी गेली चाळीस वर्षं "हो, जरा" म्हणतो आहे. त्याच बिघाडाची दुसरी खूण म्हणजे खालच्या ओठावर मधोमध दोन बारीक खळगे. ते झाकायला मी मिशा इतक्या खाली सोडल्या आहेत की चहा आधी त्यांना मिळतो, उरला तर मला.

पहिला दिवस: किन्हवलीच्या पुढे

आसनगावला मला घ्यायला मंदाताई आल्या होत्या. त्या आशा कार्यकर्त्या. शहापूर आणि मुरबाड, दोन्हीकडच्या बायका-पोरांची त्यांना खडान्‌खडा माहिती. एका घरातल्या लहान मुलीची टाळू फाटलेली आहे आणि त्या घराण्यात पूर्वीही असं असावं, अशी कुणकुण त्यांनीच आमच्यापर्यंत पोचवली होती. मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो, मांडीवर थुंकीच्या नळ्यांचा खोका, कारण जनुक थुंकीतूनही तपासता येतं.

"खोका घट्ट धरा डॉक्टर. खड्डे आमी नाय पाडले."

माघ संपत आला होता. भात काढलेल्या शेतांत वाल उभा होता आणि चढावरच्या जमिनीत राब भाजणं चाललं होतं. पाला, फांद्या, शेण पसरून जाळायचं आणि त्या राखेत पुढे भाताचं रोप टाकायचं, असा तो प्रकार. डोंगराच्या उतारावर काळे काळे चौकोन आणि सगळीकडे गोडसर धूर. हा वास फार छान आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी खोक्यासकट रस्त्याच्या कडेला धुळीत बसलो. मंदाताई बऱ्याच पुढे जाऊन थांबल्या. गाडी एकदम हलकी का झाली, हा प्रश्न त्यांना तिथे पडला.

"लागलं का?"

"नळ्या शाबूत आहेत."

"मी तुमचं विचारते."

त्या मुलीची आई वैशाली. तिचं माहेर किन्हवलीपासून आत आहे. तिची वर्षाची मुलगी, परी, मांडीवर बसून चमच्यानं पेज घेत होती. तिसऱ्या-चौथ्या घोटाला पेज नाकातून बाहेर यायची आणि वैशाली न बघताच ओढणीनं टिपायची, जसं आपण चालता चालता केस मागे सारतो.

थुंकी देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम आहे. तो ज्यांनी केला ते कधी किन्हवलीकडे गेलेले नसावेत. मी टेकलो आणि चहा आला. पाहुण्यानं एकट्यानं पिऊ नये म्हणून सगळ्यांनी घेतला. मी घड्याळ लावलं. पंचवीस मिनिटं झाली आणि शेजारून मीठ घालून उकडलेल्या वालाच्या शेंगांचं टोपलं आलं. पाहुणा आल्याचं कळल्यावर शेंगा पाठवायच्या नाहीत, हे त्या शेजारणीच्या बुद्धीत बसेना, आणि आल्यावर खायच्या नाहीत हे आमच्या. मीसुद्धा दोन मुठी खाल्ल्या. तिसऱ्या खेपेला मंदाताई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या आणि कोणाला आत येऊ देईनात, तेव्हा कुठे नळ्या भरल्या.

नळीचं झाकण लावता लावता वैशाली बोलायला लागली. "मी भेंडी चिरली होती सर. खोटं नाय बोलत. ग्रहण लागलेलं, आणि हे वाशिंदच्या कारखान्यातनं उपाशी आले होते. वाटलं, चार भेंड्यांनी काय होतंय. मंग ही झाली. बारशाला आलेल्या सगळ्या बायांसमोर सासूबाई बोलल्या, हिनं ग्रहणात विळी धरली, हिनंच पोरीची टाळू चिरली. दुसऱ्या दिवशी मी पोरीला घेऊन निघाले. हे दर रविवारी येतात. तिला खेळवतात, अंगणात बसतात आणि जातात. चल बोलतात, पण तो शब्द तिथंच हाय तोवर मी त्या घरात कशी राहू?"

मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "खरं सांगा. मी चिरली का?"

तीस वर्षं मी व्याख्यानं दिली. शेवटी प्रश्न विचारतात ते चहा येईपर्यंत वेळ काढायला. उत्तराची अशी निकड असलेलं माणूस माझ्यासमोर पहिल्यांदाच बसलं होतं.

"ग्रहणाच्या वेळी कितवा महिना होता?"

"सातवा. त्याच आठवड्यात ओटी भरली होती."

"टाळू तिसऱ्या महिन्यात मिटते. तू विळी धरलीस तेव्हा त्या गोष्टीला चार महिने होऊन गेले होते. मिटायची ती आधीच राहिली होती. भेंडीचा काही संबंध नाही आणि ग्रहणाचाही नाही."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजताना परीचं बोट धरून मोजलं.

इथे उठायला हवं होतं. पण परी हसली आणि तिच्या खालच्या ओठावर मला ते दोन खळगे दिसले. मी इतक्या जोरात "अरे वा" म्हणालो की पोर रडायला लागलं. मग मी वैशालीचा ओठ पाहिला, तिच्या आईवडिलांचे पाहिले. साफ. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्याकडचं नाही हे. म्हणजे सासरकडचं असणार."

एका वाक्यात तीन गुन्हे. तपासणी व्हायची होती. दुसऱ्या घराची गोष्ट या घरात बोलायची नसते. आणि शेंगावाली शेजारीण खिडकीशी उभी होती, हातात फोन घेऊन.

निघताना वैशाली अंगणाच्या कडेपर्यंत आली. "मुरबाडला जाताय तर एवढं बघाल का? तिथल्या दारातल्या शेवग्याला शेंगा धरल्या असतील." बाकी कोणाबद्दल तिनं काही विचारलं नाही.

दुसरा दिवस: मुरबाडच्या बाजूला

आम्ही पोचायच्या आधी माझं वाक्य पोचलं होतं. वैशालीच्या सासूबाई, अनसाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. पदर डोक्यावरून घेऊन तोंडासमोर धरलेला. वरून नुसते डोळे, आणि तेवढे पुरेसे होते.

"तुमीच काय ते, आमच्यात खोट हाय सांगनारे?"

मी म्हणालो, तसं नव्हतं म्हणायचं मला.

"मंग कसं व्हतं?"

मंदाताईंनी मध्ये पडून त्यांना शांत केलं. वैशालीचा नवरा भरत त्या दिवशी मुद्दाम घरी थांबला होता. तो आईकडेही बघेना आणि माझ्याकडेही. तांदळाची भाकरी, सुकट आणि वालाचं बिरडं आलं. भांडण आणि जेवण ही खाती इकडे वेगळी असतात. रागावलेल्या अनसाबाईंनी मला तिसरी भाकरी वाढली आणि चौथीसाठी दटावलं. आमच्या पुण्यात याच्या निम्म्या रागावर पाणीसुद्धा मिळालं नसतं.

जेवताना मला शेवगा आठवला. झाड दारातच होतं, शेंगांनी वाकलेलं. पण शेंगा जून होऊन वाळायला लागल्या होत्या.

"काढल्या नाहीत?" मी विचारलं.

"तिला आवडतात," अनसाबाई पदराआडून बोलल्या. "आज येल, उद्या येल, मंग काढू. ऱ्हाऊन गेल्या."

भरत ताट घेऊन आत गेला.

वंशावळ काढायला मी ओट्यावर मोठा कागद पसरला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि माणूस हयात नसेल तर त्यावर तिरपी रेघ, अशी पद्धत आहे. अनसाबाईंना एक थोरला भाऊ आहे, एवढं वैशालीकडून कळलं होतं. अनसाबाईच सत्तरीला टेकलेल्या, तेव्हा थोरला कशाला असेल, असा हिशेब करून मी त्या चौकोनावर बिनदिक्कत रेघ मारली. मागून कोणीतरी बोललं. मी वळलो. खांबाला टेकून एक उंच, वाळका म्हातारा शेंगा सोलत बसला होता.

मंदाताईंनी अनसाबाईंकडे पाहिलं. भरतच्या या मामांचं बोलणं घरात त्याच उलगडून सांगत. इतरांना ते नुसतं गुणगुणल्यासारखं ऐकू येई. पण मला ते स्वच्छ कळलं होतं. मामांच्या टाळूला कोणी टाका घातलाच नव्हता. सात दशकं ते त्या फटीतून बोलत होते, आणि ती भाषा मला जन्मापासून येते.

मामा म्हणाले होते, "मला का कापलंत?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही वारलात."

"मला बी कंदी कंदी वाटतं."

मी हसलो. मामा हसले. मग त्यांनी विचारलं, "तुमचं बी आतनं उघडं व्हतं काय?" मी होय म्हणालो, आणि सातव्या वर्षी शिवलं ते सांगितलं. दवाखाना कसा होता, दुखलं का, पहिल्यांदा पाणी प्यायलो तेव्हा कसं वाटलं, सगळं ते विचारत गेले. घरातले बाकीचे ओट्यावर येऊन ऐकत होते. मामा एवढं बोलू शकतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण एवढं ऐकणारं कोणी आलं नव्हतं.

टाळू कशी जुळते ते मी त्यांना सांगितलं. दोन पडदे येतात, एकमेकांना टेकतात, मध्ये पातळ कातडीची भिंत उरते. ती विरली की दोन्हीकडचं मांस एक होतं. मामांनी शेंग खाली ठेवली.

"दोन शेतं हायेत. मधी बांध. बांध मोडला का शेत एक."

"अगदी तसंच."

"आनी कधी शेतं जवल येतच नाय, तर बांध मोडनार कुठला." त्यांनी शेंग पुन्हा उचलली. "ह्यात आयनं काय केलं?"

"काही नाही."

"आयनं ग्रहनात काकडी कापली, असं बोलायचे समदे. ती मरेस्तो माझ्यासमोर जेवली नाय. माझ्या हातानं झालं, बोलायची, तुझ्यासमोर खाऊ कशी? मी शेतावर गेलो का मंग जेवायची."

आता मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं. तिनं म्हणे ग्रहणात सुपारी कातरली होती. ग्रहण लागलं की ती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. मी पस्तिशीचा झालो, प्राध्यापक झालो, तरी बसायची. मी तिला हसायचो. मी तेव्हा उंदरांच्या टाळूवर निबंध लिहीत होतो, आणि आपल्याच आईला शेजारी बसवून एकदा नीट सांगावं, हे मला सुचलं नाही. माझ्या घरातलं जनुक मी तपासलं ते ती गेल्यावर. ते वडिलांकडून आलं होतं. त्यांच्या ओठावरचे दोन खळगे आम्हाला रोज दिसत होते. लहानपणी पडल्याची खूण, असं आम्ही धरून चाललो होतो. सुपारी कातरली तेव्हा तिला कितवा महिना होता, हेही मी कधी विचारलं नाही.

हे सगळं मी त्या ओट्यावर बोलून गेलो. बोलताना मिशा दोन्ही हातांनी वर धरल्या होत्या, कारण खळगे दाखवायचे होते. प्रसंग गंभीर होता, पण दृश्य तसं नसावं. अनसाबाई उठून जवळ आल्या, वाकून माझा ओठ पाहिला आणि त्यांना हसू फुटलं. हसताना पदर सुटला.

त्यांच्या खालच्या ओठावर दोन खळगे होते. अगदी परीसारखे.

"ह्ये?" त्यांनी बोटानं चाचपलं. "ही तं सटवाईची नखं. आमच्या माहेरात बऱ्याच जनांना हायेत. आयला व्हती. ज्याला असतात तो नशिबाचा, असं बोलतात." मग त्यांनी मामांच्या ओठाकडे पाहिलं. मामांनी मान वर केली. त्यांनाही होती.

मग त्या खाली वाकल्या. कागदावरच्या गोलांकडे आणि चौकोनांकडे पाहिलं. वाचता येत नव्हतं, पण तो कागद वाचायला अक्षरं लागत नाहीत.

"परीला माझ्याकडनं गेलं?"

मी घाईघाईनं सांगायला लागलो की यात दोष कोणाचा नसतो. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं असतं, कोणाला नुसते खळगे येतात, कोणाची टाळू राहते, तर कोणी भरतसारखा वरून साफ असतो. भरतची थुंकी तपासायची आहे, खात्रीनं सांगायला कागद यायला हवेत.

"तुमचे कागद येतील तवा येतील," त्या म्हणाल्या. "मला हात लावून कलतंय."

त्या नळी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि या दौऱ्यात पहिल्यांदा, कोणी दार न अडवता, मला नियमाप्रमाणे पुरा अर्धा तास उपाशी असलेल्या माणसाची थुंकी मिळाली. चहा टाकायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

निघताना मामा वाटेपर्यंत आले. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "परत या. बोलाय कोन नाय." मी येतो म्हणालो. आता शिवून घ्यायचं का, असंही विचारलं. त्यांनी मान हलवली. "आता कोनाला ऐकवायचं?"

तिसरा दिवस: पुन्हा किन्हवलीकडे

सकाळी मंदाताई मला घ्यायला आल्या त्या रिक्षातून. आत अनसाबाई बसल्या होत्या, इरकली लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, पदर डोक्यावर पण तोंड मोकळं. "ह्या पहाटेपासून माझ्या दारात हायेत," मंदाताई म्हणाल्या.

नदीच्या पुलापर्यंत अनसाबाई पदर सारखा करत होत्या. पळस फुलला होता. मी तो दाखवला तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खोक्यातल्या नळ्या मोजायला लागलो.

"तुमी बोला तिला," त्या एकदम म्हणाल्या. "तुमी शिकलेले."

"मी बोललो की काय होतं ते परवा पाहिलंत ना."

"त्ये बी खरं," त्या म्हणाल्या, जरा जास्तच लवकर.

वैशालीच्या अंगणात रिक्षा थांबली. वैशाली परीला कडेवर घेऊन दारात आली आणि तिथेच उभी राहिली. कोणी पाणी आणलं नाही. तिच्या आईनं खाट पुढे केली, पण अनसाबाई खाटेवर बसल्या नाहीत. त्या खाली, सारवलेल्या जमिनीवर बसल्या. परी त्यांच्याकडे टक लावून पाहत होती. बारशानंतर आजीला ती पहिल्यांदाच दिसत होती.

"माझ्याकडनं आलंय," अनसाबाई म्हणाल्या. "माझ्या आयकडनं, तिथनं माझ्याकडं, तिथनं भरतकडं. डॉक्टरनं समदं लिवलंय. तुजा काय दोष नव्हता गो. मी बोलाय नको व्हतं."

मी रिक्षाच्या दांड्याला धरून उभा होतो. हे वाक्य ऐकायला मी एवढ्या लांब आलो होतो, हे मला तोवर कळलं नव्हतं. ते कोणीतरी कधीतरी एका दुसऱ्याच बाईला म्हणायला हवं होतं. कोणीतरी कशाला, मीच. मिशा पुसायचं निमित्त करून मी तोंड फिरवलं.

वैशाली रडली नाही. तिनं विचारलं, "हे बारशाला जेवढ्या बाया होत्या, तेवढ्यांसमोर बोलाल?"

रिक्षावाल्यानं चालू ठेवलेलं इंजिन बंद केलं.

अनसाबाईंनी मान वर केली. "बोलेन," त्या म्हणाल्या. "एकेकीच्या दारात जाऊन बोलेन. पन तुला ऐकाय यावं लागंल. तू नसताना कोनाला सांगू?"

वैशालीनं परीला खाली सोडलं, आजीपासून हातभर अंतरावर, आणि ती आत न जाता घराच्या मागच्या बाजूला गेली. ती बराच वेळ येईना. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं; मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यांच्या डोळ्यांतली धमकी बघून मिटलं. परी रांगत पुढे गेली, आजीच्या गुडघ्याला धरून उभी राहिली आणि तिनं त्यांच्या खालच्या ओठावरच्या खळग्याला बोट लावलं. अनसाबाई हलल्या नाहीत.

वैशाली आली तेव्हा तिच्या हातात परीची झबली होती, मागच्या दोरीवरून काढलेली, पाच-सहा.

तिच्या आईनं एक हातात घेऊन पाहिलं. "अजून ओली हायेत गो."

"तिकडं पण ऊन पडतं," वैशाली म्हणाली आणि घड्या घालायला बसली.